संशयाचे दफ्तर

रुमालाची गाठ घाईने सोडू गेले की आवळते. ती सोडायची एक रीत आहे. वरची दोन टोके आधी, मग आडवी दोन, आणि मग कापड चारी बाजूंनी सपाट पसरायचे, म्हणजे आतले कागद त्यावरच राहतात, टेबलाला लागत नाहीत. पुण्याच्या कौन्सिल हॉलजवळच्या दगडी इमारतीत हे काम रोज करणारी माणसे आहेत. गाठीकडे न बघता त्यांची बोटे ती सोडतात आणि तितक्याच सहजपणे परत बांधतात. बांधणे जास्त अवघड. कागद एकदा मोकळे झाले की फुगतात. दोनशे वर्षे ज्या घडीत काढली तिच्यात परत जायला ते नाखूश असतात.

इमारतीचे सरकारी नाव पुणे पुराभिलेखागार. रिक्षावाल्याला ते सांगून उपयोग नाही. जुने लोक पेशवे दफ्तर म्हणतात आणि त्यांच्यापुरते तेच खरे आहे. आत सुमारे ३५ हजार रुमाल आहेत. त्यातले बहुतेक मोडीत, काही हजार इंग्रजीत, थोडे फारसी, गुजराती वगैरे. एकेका रुमालात शेकडो कागद, कधी त्याहून जास्त. आकडा ऐकल्यावर माणूस जरा गप्प होतो, मग विचारतो, हे सगळे कुणी वाचले आहे का? याचे उत्तर देताना इथल्या कुणाचाही चेहरा बदललेला मी पाहिलेला नाही. नाही, वाचलेले नाही. पुढचा प्रश्न विचारा.

जुन्या कागदाच्या वासाबद्दल लोक फार हळवे होऊन बोलतात. मला इथे वास येतो तो डांबरगोळ्यांचा आणि पावसाळ्यात जरा ओलसर कापडाचा. माझे लक्ष जाते ते वाळूकडे. त्या काळी टिपकागद नव्हता. ओली शाई सुकवायला अक्षरांवर बारीक वाळू भुरभुरवत. ती झटकली जाई, पण थोडी शाईत धरून राहायची. अजून आहे. कागद तिरपा धरला की एखाद्या काळ्या वळणात कण चमकतो, आणि वाचून उठताना कापडावर चिमूटभर वाळू पडलेली असते. नदीकाठची ती वाळू कुणीतरी डबीत भरून आणली असेल, कारकुनाने हात उंच करून भुरभुरवली असेल. मजकूर लढाईचा असो की गवताच्या भाऱ्यांचा, वाळू एकच.

आणि मजकूर बहुधा गवताच्या भाऱ्यांचाच असतो. पहिल्यांदा येणारा प्रत्येक जण लढाया शोधत येतो. पानिपत, खर्डा, राक्षसभुवन. समोर येते ती पागेतल्या घोड्यांची चंदी, हत्तींचा खुराक, किल्ल्यावरच्या शिबंदीचे पगार, देवस्थानाच्या नंदादीपाचे तेल, श्रावणात रमण्यात वाटलेली दक्षिणा, जासुदांची मजुरी. घोड्यांच्या यादीत रंग लिहिलेले असतात: कुम्मैत, सुरंग, अबलख, पंचकल्याणी. लोकांचे वर्णन इतक्या बारकाईने क्वचितच सापडते. घोडा मेला, चोरीला गेला किंवा बदलला गेला तर ओळख पटवायला रंग लागतो. माणसाच्या बाबतीत तेवढी काळजी घेण्याची गरज वाटली नसावी.

माझे आयुष्य बँकेत गेले. इतिहास शाळेत होता तेवढाच. मोडी मी निवृत्तीनंतर एका छोट्या वर्गात शिकले. आमच्या वर्गात बहुतेक साठीच्या पुढचे होते आणि दोन-तीन कोवळी मुले, ज्यांना गडांवर हिंडायचे वेड होते. मोडीची अक्षरे शिकायला फार दिवस लागत नाहीत. आधी पानभर आडवी रेघ मारायची, मग तिला अक्षरे टांगत जायची, बोरू शक्यतो उचलायचा नाही. वेलांटी एकच, उकार एकच, ऱ्हस्वदीर्घाची कटकट नाही. पण शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे कारकून सांगत नाही. अक्षर ओळखता येऊनही ओळ लागत नाही, आणि ओळ लागते तेव्हा ती एकदम लागते, मधल्या पायऱ्या कळतच नाहीत.

दफ्तरात आल्यावर मात्र मला अनोळखी वाटले नाही. रोजकीर्द म्हणजे आमचे डे-बुक. त्यातल्या रकमा बाबवार लावल्या की घडणी, मग खतावणी, शेवटी ताळेबंद. पेशव्यांच्या फडावरचा, म्हणजे कचेरीतला, कारकून आणि मी एकाच जातीचे, म्हणजे हिशेब ठेवणाऱ्यांच्या जातीचे. आणि हिशेब माणूस का ठेवतो हे मला कुणी सांगायला नको. आमच्या शाखेत व्हाउचरच्या पाठीवर तिसरी सही घेण्याची पद्धत होती. ती कशी सुरू झाली ठाऊक नव्हते, पण कधीकाळी कुणीतरी घोटाळा केला असणार, हे सगळ्यांना मान्य होते. प्रत्येक रकान्यामागे एक जुना चोर उभा असतो. पुढच्या पिढ्यांना कळावे म्हणून कुणी नोंद करत नाही. उद्या विचारणा झाली तर दाखवायला असावे म्हणून करतो.

नाना फडणिसाबद्दल इतके लिहिले गेले आहे, पण मला तो दिसतो तो असा, रकान्यांमागे. त्याच्या काळात हुजूर दफ्तर नेटके होते, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळात ते विस्कटले, हे १८१८ नंतर आलेल्या इंग्रजांनाही कळले. कंपनी सरकारच्या एल्फिन्स्टनने पुण्याचे कागद ताब्यात घेण्याच्या कामावर मॅक्लिऔड नावाच्या अधिकाऱ्याला नेमले, तेव्हा सुस्थितीत मिळाले ते जुने, आणि ताजेच कागद विखुरलेले. कारकुनांच्या घरी गेलेले, कुठे कोपऱ्यात पडलेले. राज्य जाते ते आधी कागदातून जायला लागते, असे म्हणायचा मोह होतो. पण तो मी आवरते, कारण बँकेत मी उलटेही पाहिले आहे. बुडणाऱ्या शाखेची रजिस्टरे अगदी टापटीप होती.

इंग्रजांनी हे सगळे जपले. का जपले, हा प्रश्न मला नेहमी पडायचा. ज्या राज्याला नुकतेच बुडवले त्याचे गवताचे हिशेब कोण सांभाळून ठेवेल? उत्तर कळल्यावर मला बरे वाटले आणि वाईटही. देशभर इनामे पसरलेली होती. देवाला इनाम, वेदमूर्तींना इनाम, देशमुखाला, पाटलाला, मशिदीला, फकिराला, लढाईत कामी आलेल्याच्या बायकोला. या जमिनींचा सारा सरकारात येत नव्हता. जो तो म्हणे, माझ्याकडे सनद आहे. सनद खरी की खोटी हे ठरवायला सनद देणाऱ्याचेच दफ्तर हवे. मग ते हातातून सोडून कसे चालेल? १८५२च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि साहेब लोक हाताखाली मराठी कारकून घेऊन रुमाल सोडायला बसले. रोजकिर्दीत खर्च पडला आहे का, सनदेची नोंद आहे का, वारसाच्या नावे चालवावे असा हुकूम आहे का. जिथे मेळ बसला नाही तिथे इनाम खालसा झाले किंवा त्यावर आकार बसला. हजारो घरांचे असे झाले. १८५७च्या आधीच्या असंतोषात या चौकशीचा वाटा होता, असे पुष्कळांनी लिहून ठेवले आहे.

म्हणजे आज मी ज्या टेबलाशी बसून वाळूचे कण बघते आहे, ते कागद कुणाच्या प्रेमामुळे उरलेले नाहीत. पेशव्यांच्या फडाला मामलेदारावर विश्वास नव्हता म्हणून ते लिहिले गेले, आणि कंपनीला इनामदारावर विश्वास नव्हता म्हणून टिकले. दोन्ही सरकारांच्या संशयाचे माझ्यासारख्या तिसऱ्या माणसाने आभार मानावेत, अशी ही गंमत.

खोट्या सनदांचेही एक शास्त्र होते म्हणे. असणारच. चौकशी आली की खोटा कागद तयार करणारा आलाच. जुना कागद मिळवता येतो, शिक्का कोरून घेता येतो, वळण उचलता येते. फसते ती तारीख. पेशवाईतल्या कागदावर काळ एका पद्धतीने लिहिलेला नसतो. वर्ष सुहूर सनाचे आणि तेही अरबी शब्दांत. पानिपत झाले ते इहिदे सितैन मया व अलफ या साली, म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, सुहूर ११६१. महिना हिजरी: मोहरम, सफर, रबिलावल, साबान, जिल्काद. तारखेआधी छ, म्हणजे चंद्र. शेजारी कधी शालिवाहन शक, संवत्सराचे नाव, मराठी तिथी. छत्रपतींच्या कागदात राज्याभिषेक शक. संध्या करून आलेला, शेंडीला गाठ मारलेला सदाशिव पेठेतला कारकून बोरू बुडवतो आणि अरबीत साल लिहितो, आणि त्यात त्याला काही विशेष वाटत नाही. आपल्याला वाटते, कारण आपण मधल्या काळात बरेच काही वेगवेगळ्या कप्प्यांत घालून ठेवले. असो. या सगळ्या गणनांची सांगड घालायला जंत्री लागते. मोडकांची जंत्री हाताशी घेऊन बसलेला म्हातारा संशोधक मी पाहिला आहे. त्याच्या जंत्रीला शिवण उसवून परत घातलेली होती, आणि तो तीत बोट घालून वर न बघता बोलायचा.

या सरकारी दफ्तरात बाहेरच्या अभ्यासकाला प्रवेश मिळणे एकेकाळी फार दुर्मीळ होते. न्यायमूर्ती रानड्यांच्या खटपटीने रोजनिश्यांतले उतारे निघाले. गणेश चिमणाजी वाडांनी ते काढले आणि पुढे ते छापले गेले. त्या उताऱ्यांवर रानड्यांनी लिहिलेला निबंध आजही वाचवतो, कारण त्यात पेशवे जेवढे आहेत तेवढेच कर्ज, कर, टांकसाळी आणि दारूबंदीही आहे. मग १९३०च्या सुमारास बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले गोविंद सखाराम सरदेसाई, इतिहासकार जदुनाथ सरकारांच्या आग्रहामुळे, या रुमालांसमोर येऊन बसले. चार-पाच वर्षांत निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. निवृत्तीनंतर सुरू करायच्या कामाचा हा आकार बघून मला माझ्या मोडी वर्गाची जरा लाज वाटते. आणि तरी ते ४५ खंड म्हणजे या ढिगाच्या कडेचा चिमूटभर भाग. सरदेसायांनी निवडले ते राजकारण. गवत त्यांनी तसेच ठेवले. ते बरोबरच होते, एका माणसाला एकच आयुष्य. पण आपल्याला माहीत असलेला पेशवाईचा इतिहास त्या निवडीतून आलेला आहे हे मनात ठेवले की पुस्तकांची कपाटे जरा वेगळी दिसू लागतात.

इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांना मात्र सरकारी दफ्तराच्या दाराशी ताटकळत बसायचे नव्हते. त्यांचा स्वभावही तसा नव्हता. ते लोकांच्या दाराशी गेले. वाईला मिळालेल्या पत्रांतून १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड आला, आणि पुढे २२ खंड झाले. गावोगाव हिंडायचे, हाताने शिजवून खायचे, माळ्यावरचे पेटारे खाली काढवायचे. पुष्कळ ठिकाणी नकार. कुठे पेटाऱ्याला दसऱ्याला हळदकुंकू वाहतात पण झाकण उघडत नाहीत. कुठे वाळवीने आधीच वाचून संपवलेले. कुठे रद्दीत गेलेले. राजवाडे या लोकांवर चिडत. मला त्या नकार देणाऱ्यांचीही बाजू दिसते. ज्या घरात आजोबांनी इनाम कमिशनपुढे सनद ठेवली आणि हात हलवत परत आले, त्या घरात नातू कागद मागायला आलेल्या माणसाला काय म्हणेल? तिरसट, प्रश्नांवर प्रश्न विचारणारा हा गृहस्थ देशभक्त आहे की साहेबाचा माणूस, हे ओट्यावरून कसे कळणार?

त्या घरगुती कागदांना घर हवे म्हणून १९१०च्या जुलैत पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे हे त्याचे संस्थापक. पुढे मंडळाशीही राजवाड्यांचे बिनसले आणि ते धुळ्याला गेले. तिथेच १९२६च्या डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी वारले, आणि त्यांचे कागद सांभाळायला तिथे दुसरे मंडळ उभे राहिले. भांडणातून संस्था वाढवण्याची आपली रीत जुनी आहे. सदाशिव पेठेत मंडळाच्या वाचनालयात बसले की मला कौन्सिल हॉलपेक्षा वेगळे वाटते. इथल्या कागदांत घर आहे. पत्र कुणी कुणाला तरी लिहिलेले असते, मायना असतो, शेवटी बहुत काय लिहिणे असते. मिरजेच्या पटवर्धनांकडची पत्रे वासुदेवशास्त्री खऱ्यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त आणली. त्यांत छावणीतला पाऊस, आजारपण, पैशाची चणचण सगळे आहे. पत्र वाचताना माणूस ऐकू येतो. रोजकीर्द वाचताना कुणीच ऐकू येत नाही.

असे मी म्हणत असे. मग एक दिवस कुणबिणींच्या नोंदी समोर आल्या.

कुणबीण म्हणजे विकत घेतलेली बाई. मोहिमेत धरून आणलेली, दुष्काळात विकली गेलेली, किंवा काही गुन्ह्याच्या आरोपावरून सरकारात आलेली. तिला वाड्यात दळण-कांडण, पागेत शेणगोठा, कोठारात निवडणे-पाखडणे. खर्चाच्या नोंदीत नाव असते, कधी वय, किंमत, कुणाकडून घेतली, कुणाला दिली. वर्षाला एखादे लुगडे. बक्षीस म्हणून दिलेल्या वस्तूंच्या यादीत ती वस्तूंबरोबर येते. हे अभ्यासकांनी लिहिलेले आहे, मी नवे काही सांगत नाही. पण छापलेले वाचणे निराळे आणि मोडीत एकेक अक्षर लावत जाऊन शेवटी ते नाव उच्चारणे निराळे. मोडी वाचताना माझे ओठ हलतात. शेजारचा मुलगा बघायला लागला तेव्हा कळले की मी ते नाव मोठ्याने वाचले होते.

तिला कुणी पत्र लिहिले नाही, आणि तिने कुणाला लिहिले असण्याचा प्रश्नच नाही. बखरीत ती नाही. घराण्याच्या पेटाऱ्यात तिचा कागद नसणार. ती आहे ती केवळ फडावरच्या एका संशयी माणसाने रकमेसमोर तपशील मागितला म्हणून. रक्कम खर्ची पडली तर कशाबद्दल? अमुक नावाच्या बाईबद्दल. तेवढ्यावर तिचे असणे टिकले. या गोष्टीचे काय करायचे मला कळलेले नाही. हिशेबाचे कौतुक करावे, तर तोच हिशेब तिच्या गळ्यात किंमत अडकवतो. न करावे, तर तिचे नावही हातातून जाते. मी त्या दिवशी ती पाने वहीत उतरवली आणि चहा प्यायला बाहेर आले.

अलीकडे दफ्तरांकडे येणाऱ्यांत नवी माणसे दिसतात. २०२३ साली मराठा आरक्षणाच्या मागणीतून कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत जुनी रजिस्टरे कपाटांतून बाहेर आली. जन्ममृत्यूच्या नोंदी, शाळेची रजिस्टरे, महसुली कागद, मराठवाड्यात निजामी कागदसुद्धा. त्यातले पुष्कळ मोडीत. मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. आमच्या वर्गातली ती गड हिंडणारी मुले आता यात पैसे मिळवतात. त्यातला एक मला म्हणाला, “काकू, लोक रडतात हो समोर, आणि चिडतातही.” एका शब्दावर नातवाचे कॉलेज अवलंबून आहे म्हटल्यावर ते दोन्ही करणारच. त्या काळच्या कारकुनाने घाईत काय लिहिले, जात लिहिली की व्यवसाय, की नुसतेच शेजाऱ्याचे बघून कित्ता मारला, याला आज केवढे वजन! कागदाला लोक शंभर-दीडशे वर्षांनी साक्षीला बोलावतात, आणि साक्षीदार तर बोलून चालून घाईत होता.

आता रुमालांचे स्कॅनिंग होत असते. चांगलेच आहे. पडद्यावर अक्षर मोठे करता येते, शाई गडद करता येते. वाळू तेवढी दिसत नाही. नकला करणे सोपे झाले, आणि वाचणारे वाढले नाहीत. मोडी शाळेतून गेली, सरकारी कामातून गेली, आणि ज्यांनी ती दुकानाच्या खातेवहीत वापरली ती शेवटची माणसे आता नव्वदीला टेकलेली आहेत. माझे वडील धोब्याचा हिशेब मोडीत ठेवायचे. आम्हाला तो वाचता येऊ नये असा त्यांचा हेतू असावा, असे आई म्हणायची.

मागच्या हिवाळ्यात माझ्या शेजारच्या खुर्चीवर पुरंदरकडचे एक गृहस्थ येऊन बसले होते. धोतर, स्वेटर, प्लास्टिकच्या पिशवीत सातबारे. कोर्टात वाद चालू होता, आणि वकिलाने जुना आधार आणा म्हणून पाठवले होते. त्यांच्यासमोर इनामाचा एक कागद होता आणि ते त्याच्याकडे नुसते बघत बसले होते. थोड्या वेळाने त्यांनी तो अगदी हलक्या हाताने माझ्याकडे सरकवला.

“ताई, एवढं वाचून सांगता का? ह्यात आमचं नाव हाय का?”

मी वाचायला घेतले. गाव त्यांचे होते. ओढा, वडाचे झाड, पूर्वेला कुणाचे शेत, सगळे होते. नावाशी आले तेव्हा अडले. पहिले अक्षर दोन तऱ्हांनी लागत होते. एक लावले तर त्यांचे आडनाव होत होते, दुसरे लावले तर शेजाऱ्याचे. मी भिंग मागवले. दोन टेबले पलीकडच्या एका मुलालाही बोलावले. तो म्हणाला, “हे त्यांचंच आहे.” मग वाकून परत बघितले आणि म्हणाला, “नाही हो, थांबा.”

काका आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होते.

“काय हाय ते असू द्या,” ते शेवटी म्हणाले. “झाडाचं बराबर हाय न्हवं? वड म्हंजी आमच्याच बांधावरचा. आता न्हाई, पर व्हता, म्या पायलाय.” मग पिशवीतून पाकीट काढत त्यांनी विचारले, “ह्याची नक्कल कुठं मिळती, आन् पैसे किती पडत्यात?”

मी त्यांना समोरच्या खिडकीकडे पाठवले. अर्जावर रुमालाचा क्रमांक लिहायचा असतो, तो मी लिहून दिला. साहेब जेवायला गेले होते.